जनावरांना अहो म्हणणाऱ्या जिज्जी

जिज्जी जनावरांना अहो म्हणायच्या आणि माणसांना अरे. ग्वाल्हेरात गोरखी वाड्याच्या मागच्या गल्लीत त्यांचा जनावरांचा दवाखाना होता. तिथं पहिल्यांदा गेलेला माणूस हमखास गोंधळायचा. "या, या. बसा आरामात. काय होतंय आपल्याला?" असं मऊ आवाजात कानावर आलं की तो भारावून पुढं सरकायचा आणि खुर्चीत बसायचा. मग जिज्जी चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "तू ऊठ रे. मी ह्यांना विचारून राहिले आहे." 'हे' म्हणजे त्याच्या काखेतलं मांजर.

इकडे मोठ्या बहिणीला जिज्जी म्हणतात. त्यांचं खरं नाव बाहेर पाटीवर होतं, डिग्रीसकट, पण ते मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. रिक्षावाल्यापासून कलेक्टर कचेरीतल्या साहेबापर्यंत सगळ्यांच्या त्या जिज्जीच. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर इकडे आले आणि पागेत घोडे सांभाळायला राहिले. अहो म्हणायची सवय तिथली. "घोड्याला कुणी अरे म्हटलेलं आमच्या आजोबांना चालत नसे," त्या सांगायच्या. "लाथ खाल्लेली माणसं लवकर सभ्य होऊन जातात."

त्यांचं मराठी हिंदीत बुचकळून काढल्यासारखं होतं आणि माझं खानापूर तालुक्याचं. माझं बोलणं ऐकून त्या हसायच्या. "तू बोलतोस का भांडतोस, मला समजतच नाही." मी म्हणायचो, "आणि तुमचं ऐकून कळत न्हाई, बोलणं संपलं का अजून चालूच आहे." पण हे सगळं पुढचं. सुरुवातीला त्यांच्यासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

मी नववीत शाळा सोडली आणि मामाच्या मागं इथल्या सराफ्यात आलो. आमचं काम गलाईचं, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून त्यातली भेसळ काढून शुद्ध करायचं. आमच्या भागातली माणसं या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. वाचणाऱ्यांपैकी कुणाचा तरी चुलता नाहीतर मेहुणा कुठल्या तरी गावात मुशीपुढं बसलेला असणारच. मामा गावी परतला, भट्टी माझ्याकडं आली. बायको आणि मुलगी गावाकडं, कारण तिथं शाळा आहे आणि आईचं बघायला कुणीतरी हवं. मी एकटा. त्यात स्वभाव भित्रा. भट्टी विझवून झोपलो तरी दोनदा उठून बघणार. दाराशी पोलीस दिसला तर मी काय केलं म्हणून आठवू लागणार. शिकलेल्या माणसापुढं तर मला घामच फुटतो.

अशा माणसाच्या पायरीवर एक कुत्रीचं पिल्लू येऊन बसलं. रंग तांब्याचा, म्हणून नाव तांबी. सराफ्यातले लोक हसले. सोन्यातलं तांबं काढून टाकणाऱ्यानं तांबं घरात घेतलं म्हणाले. एक जण तर सांगू लागला, हिचे पाय रोज परातीत धूत जा आणि पाणी फेकू नको, सराफ्यात फिरून येते, महिन्याकाठी मासाभर सोनं निघेल.

सुई टोचायला म्हणून मी तिला जिज्जींकडं नेलं. त्यांनी तांबीकडं बघून आधी हात पुढं केला आणि थांबल्या. "बघू का जरा?" तांबीनं हात हुंगला, मग चाटला. तेव्हा कुठं त्यांनी तिला उचललं. कुणी जनावर गुरगुरलं तर त्या हात मागं घ्यायच्या. "नाही म्हणतात. बाहेर बसा थोडं, मन झालं की या." बाहेर गर्दी खोळंबलेली असली तरी.

सुई झाली. मी निघालो, तर म्हणाल्या, "थांब. तू तिकडचा ना, गलाईवाला? गावाला कधी जातोस?"

"यात्रेला जातो. दिवाळीला जमलं तर."

"आणि किती राहतोस?"

"जाऊन येऊन महिना होतोच."

"मग तेव्हा ह्या कुठं राहणार?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता, आणि मला तर नको नको ते प्रश्न रोज पडतात. जिज्जी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आज नाही सांगितलंस तरी चालेल. पण सांगून जा. लोक कुत्रं पाळतात ते घरी असतानाचं चित्र डोळ्यापुढं धरून. घरी नसतानाचं कुणी धरत नाही." मी पडाव भागातल्या एका चहावाल्याशी बोललो, त्याच्या पोरींना तांबी आवडायची. मग जिज्जींना जाऊन सांगितलं. त्यांनी त्या चहावाल्याला दवाखान्यात बोलावलं, तांबीला काय खायला घालायचं, काय नाही, हे त्याच्याकडून पाठ करून घेतलं, आणि मग मला गावाला जायला मोकळं केलं. सासऱ्यानंसुद्धा माझी एवढी चौकशी केली नव्हती.

जिज्जींचा ठरलेला एक सवाल होता. कुणीही आलं, काहीही करून मागितलं, की त्या विचारायच्या, "हे कुणासाठी?" मी औषध घ्यायला बसलो होतो तेव्हा एक ठेकेदाराचा मुलगा डॉबरमनचं पिल्लू घेऊन आला. गळ्यात जाड साखळी, दोघांच्याही. त्याला पिल्लाचे कान कापून उभे करून हवे होते.

"किसके लिए?" जिज्जी.

"जिज्जी, लटके कान में रौब नहीं आता. देखने में शेर लगना चाहिए."

"तो शेर पाल लो भैया. इनको क्यों काट रहे हो?"

"सब करवाते हैं."

जिज्जींनी त्याच्या कानाकडं निरखून बघितलं. "कान तो तुम्हारे भी कुछ खास नहीं हैं. तुम्हारी अम्मा आई थीं कभी काटने को कहने?"

सगळे हसले. पोरगा लाल झाला आणि पिल्लू उचलून निघाला. जिज्जी त्याच्यामागं दारापर्यंत गेल्या, आणि त्यांचा सूर एकदम बदलला. सांगू लागल्या की कान हलवूनच हे तुला मन सांगणार आहेत, कधी खूश आहेत, कधी घाबरले आहेत. तेच कापून टाकलंस तर तुला कसं समजणार? तो पोरगा दुसरीकडं जाईल असं मला वाटलं होतं. पण पुढं कितीतरी दिवसांनी फूलबागेपाशी मला तो दिसला. कुत्रं मोठं झालं होतं आणि धावताना त्याचे दोन्ही कान वाऱ्यावर फडफडत होते. पोराच्या गळ्यातली साखळी मात्र तशीच होती.

तांबी मोठी झाली तशी जिज्जींनी नसबंदीची गोष्ट काढली. मी हबकलो. कान कापायला नाही म्हणणारी बाई माझ्या कुत्रीचं पोट फाडायचं म्हणते! मी भीत भीत म्हटलं, "जिज्जी, देवानं दिलेलं आपण का काढायचं? हे तरी कुणासाठी?"

मला वाटलं आता ओरडा बसणार. पण त्या खूश झाल्या. "बरोबर विचारलंस. बस." आणि खरंच समोर बसवून त्यांनी मला सगळं सांगितलं. गल्लीत थंडीत मरणारी पिल्लं तर मी बघतच होतो. शिवाय नसबंदी न केलेल्या कुत्रीचं वय झालं की गर्भाशयात पू होऊ शकतो, तेव्हा त्यांच्याकडं मरायला टेकलेल्या कुत्र्या येतात, हेही सांगितलं. म्हणजे यात थोडं तांबीसाठी, थोडं जन्मून मरणाऱ्यांसाठी. "आणि थोडं आपल्या सोयीसाठी," त्या म्हणाल्या. "ते नाही म्हटलं तर मी खोटी. ह्यांना विचारता आलं असतं तर ह्या काय म्हणाल्या असत्या, मला माहीत नाही. म्हणून प्रत्येक वेळी मी घाबरते. इतकी वर्षं झाली, तरी घाबरते."

एवढं शिकलेलं माणूस घाबरतं आणि तसं तोंडानं सांगतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. मला वाटायचं भीती म्हणजे शाळा सोडलेल्यांचा आजार. त्या दिवसापासून मला जिज्जींपुढं घाम फुटायचा थांबला. ऑपरेशनच्या वेळी त्यांनी मला तांबीचं डोकं मांडीवर घेऊन बसवलं, ती झोपेपर्यंत. आणि नंतर ती जागी होईपर्यंत स्वतः तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिल्या, भिंतीला टेकून, गुडघे दुखत असताना. तांबीनं डोळे उघडले तेव्हा त्यांनी तिला म्हटलं, "झालं हं. माफ करा."

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो.

माझी भट्टी सेठजींच्या घरात होती. पुढं त्यांचं दागिन्यांचं दुकान, मागं माझी खोली, वर त्यांचं बिऱ्हाड. त्या वर्षी तांबी भुंकायला लागली. एरवी शहाणी, पण दुपार झाली की सुरू. भुंकायची, दाराकडं पळायची, परत यायची, माझी बाही ओढायची, पुन्हा भुंकायची. मी दटावलं, चुचकारलं, बांधून ठेवलं. बांधल्यावर तर घसा फाटेपर्यंत. पुढं दुकानात सोनं बघायला आलेल्या बायका दचकायच्या. सेठजींनी आधी हसत सांगितलं, मग न हसता. शेवटी एक दिवस खाली येऊन म्हणाले, "दिल्ली में मेरे साले ने अपने कुत्ते की आवाज़ निकलवा दी. छोटा सा ऑपरेशन है, गले का. कुत्ता भी रहे, शांति भी रहे. करवा लो. नहीं तो दशहरे तक कमरा देख लो दूसरा."

खोली दुसरी बघ म्हणणं सोपं आहे. सराफ्यात परक्या माणसाला भट्टी लावायला जागा कोण देतं? लोक आपलं सोनं माझ्या हातात देतात ते या पत्त्यावर विश्वास ठेवून. पत्ता गेला की गिऱ्हाईक गेलं, गिऱ्हाईक गेलं की गावाकडची चूल थंड. आणि तांबीला सोडून द्यावं, तर गावापासून इतक्या लांब माझ्या पायांचा आवाज ओळखणारं दुसरं होतं कोण? दोन दिवस मी हाच हिशोब करत राहिलो. तिसऱ्या दिवशी तांबीला घेऊन जिज्जींकडं गेलो आणि म्हणालो, "हिचा आवाज काढून टाका." म्हणताना त्यांनी हो म्हणावं असं वाटत होतं आणि नाही म्हणावं असंही. आणि मला रडू कोसळलं. सगळ्यांसमोर.

जिज्जींनी त्या दिवशी "हे कुणासाठी" विचारलं नाही. आतल्या खोलीत नेलं, पाणी दिलं. माझं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "असे एक माझ्याकडं येत होते. कुठून तरी आवाज कापून आणलेले. गेटवर कुणी आलं की तोंड उघडायचे, मान वर करायचे, सगळं अंग हलायचं. नुसती हवा निघायची. त्यांना वाटायचं की आपण सांगून राहिलो आहोत. ते सांगतच होते रे. कुणाला ऐकू येत नव्हतं, एवढंच." थोडा वेळ त्या तांबीच्या गळ्याखाली खाजवत राहिल्या. "ह्या काय म्हणतात ते तरी आपण ऐकलंय का? उद्या दुपारी मी येते. तू रोजचं काम कर. माझ्यासाठी काही बदलू नको."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि माझ्या खोलीत स्टुलावर बसल्या. तांबी त्यांच्या पायाशी, अगदी गप्प. मला वाटलं, आज नेमकी भुंकणार नाही आणि मी खोटा पडणार. मी काम सुरू केलं. सोन्यातली चांदी आणि तांबं काढायला ते तेजाबात, म्हणजे ॲसिडात, उकळावं लागतं. तेजाब ओतलं, खालची आच वाढवली, भांड्यातून तांबडा धूर उठायला लागला. आणि तांबी उठली. भुंकली. दाराकडं गेली, परत आली, माझी बाही दातात धरली.

मी म्हटलं, "बघा जिज्जी, हे असं."

जिज्जी पदर नाकाला लावून खोकत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या तशाच उठल्या, तांबीला घेऊन बाहेर पायरीवर गेल्या. मी मागोमाग गेलो. खोकला थांबल्यावर त्यांनी विचारलं, "हे रोजचं आहे?"

"व्हय. धंदाच हा."

"आणि तुला वास नाही येत?"

"पहिल्यांदा यायचा. मामा म्हणायचा, वास यायचा बंद झाला की समज तू कारागीर झालास."

जिज्जींनी विचारलं, हा धूर बाहेर कुठून जातो. मी सांगितलं, मागच्या खिडकीतून गल्लीत. आणि सांगता सांगता मीच थांबलो. सेठजींनी गल्लीत जनरेटरसाठी पत्र्याची खोली बांधली होती आणि माझी खिडकी तिच्या मागं बुजली होती. तांबीचं भुंकणं त्याच्यानंतरचं. आणि माझा खोकलाही त्याच्यानंतरचा. मी तो इथल्या धुळीच्या खात्यावर टाकून मोकळा झालो होतो.

"तू तर कारागीर आहेस, तुला वास येत नाही," जिज्जी म्हणाल्या. "ह्या नाहीत. आणि ह्या स्वतः बाहेर पळून नाही जाऊन राहिल्या. तुला घेऊन जायला परत येतात. हाच आवाज काढून टाकायला आला होतास तू."

त्या तशाच सेठजींकडं गेल्या. मी तांबीला धरून जिन्याखाली उभा. सेठजी म्हणाले, "जिज्जी, आप तो जानवरों की डॉक्टर हैं. इसमें आप कहाँ?"

"इसीलिए आई हूँ. आवाज़ इनकी बंद करवा दोगे सेठजी, धुआँ तो फिर भी ऊपर ही आएगा."

"ऊपर कहाँ आता है? कोई धुआँ-वुआँ नहीं है."

तेवढ्यात वरच्या कठड्यावरून सेठाणींचा आवाज आला. "है कैसे नहीं! तीन महीने से कह रही हूँ दोपहर में आँखें जलती हैं. मुझसे कहते हैं, प्याज कम काटा करो!"

पुढचं भांडण त्या नवरा-बायकोचं झालं. जिज्जी मधे एक शब्द बोलल्या नाहीत. सेठाणींनी खाली येऊन तांबीला पुरी खाऊ घातली आणि नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात तिला म्हणाल्या, "ले बेटा, इस घर में एक तू ही है जो बोलती है तो किसी को सुनाई तो देता है."

दसऱ्याला मी नवीन खोली बघितली नाही. जनरेटर हलला, खिडकी उघडली, भट्टीवर धुराडं आणि त्यात पंखा बसला. धूर आता छपराच्या वर जातो. तांबीचं दुपारचं भुंकणं थांबलं. माकडांवर भुंकते, मिरवणुकीतल्या बँडवर भुंकते, आणि सेठजी वरून ओरडतात, तो भाग वेगळा. मला जिज्जींनी छातीचा फोटो काढायला मोठ्या दवाखान्यात नेलं. मी नको नको म्हणत होतो. मला भीती वाटत होती की काहीतरी निघेल. त्या म्हणाल्या, "मलाही वाटून राहिली आहे. चल, दोघं मिळून घाबरू." फार काही निघालं नाही, वेळेत आलात असं तिथले डॉक्टर म्हणाले. परत येताना मी त्यांचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी मला वरच्या वर धरलं. "माझे काय धरतोस? ज्यांनी सांगितलं त्यांना जाऊन काहीतरी चांगलं खायला घाल."

गेल्या वर्षी जिज्जींचे गुडघे अगदीच गेले. त्यांची मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली. दवाखाना आता त्यांच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा बघतो. बरा आहे. निघायच्या दिवशी मी तांबीला घेऊन स्टेशनवर गेलो होतो. मनात कितीतरी ठरवून ठेवलं होतं, की आज हे बोलू, ते बोलू. गाडी लागली, मुलगी सामान चढवायच्या गडबडीत, आणि मी नुसता खिडकीपाशी उभा. जिज्जीच म्हणाल्या, "यात्रेला जाशील तेव्हा पुण्यावरूनच जाशील ना? उतर. आणि ह्यांची सोय करून ये." मी मान हलवली. आमचं निरोपाचं बोलणं एवढंच झालं.

आता रविवारी त्यांचा फोन येतो. मोबाइलवर त्यांचा चेहरा दिसतो, थकलेला वाटतो. मला लगेच काळजी लागते, मी विचारतो, जेवता का, झोप लागते का. त्या माझी काळजी थोडा वेळ चालू देतात आणि मग म्हणतात, "बस झालं. त्यांना दे." मी मोबाइल तांबीपुढं धरतो. आवाज ऐकला की ती आधी मोबाइल हुंगते, मग त्याच्या मागं जाऊन बघते, तिथं जिज्जी नसतात, आणि मग भुंकायला लागते. परवा तर इतकी भुंकली की वरून सेठजींनी आरोळी ठोकली, "अरे चुप कराओ इसको!" मी गडबडलो, तांबीच्या तोंडावर हात ठेवायला गेलो.

"नको," जिज्जी म्हणाल्या. "बोलू दे."

मी मोबाइल भिंतीला टेकून तांबीपुढं जमिनीवर ठेवला आणि कामाला लागलो. दोघींचं बराच वेळ चाललं होतं.